फ्रीमाँटचा कारखाना : माणसं तीच, युनियन तीच, मग बदललं काय?

पिंपळे_निळख

ऑपरेशन्सच्या कुठल्याही कोर्समध्ये फ्रीमाँटचं उदाहरण येतंच. कॅलिफोर्नियातला जीएमचा (जनरल मोटर्सचा) मोटारींचा कारखाना, १९८२ मध्ये बंद पडलेला. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, न मिटलेल्या तक्रारींचा ढीग, पिऊन लाईनवर उभे राहणारे लोक, दाराच्या पत्र्याआड मुद्दाम बाटल्या टाकून पुढे सोडलेल्या गाड्या. १९८४ च्या शेवटी जीएम आणि टोयोटाने भागीदारीत तोच कारखाना 'नम्मी' या नावाने पुन्हा चालू केला. सुरुवातीला घेतलेल्या कामगारांपैकी साधारण ८५ टक्के जुनेच, युनियन तीच यूएडब्ल्यू (अमेरिकेतल्या मोटार कामगारांची), छप्परही तेच. आणि दोनेक वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या तोडीचा, गैरहजेरी दोन-चार टक्क्यांवर.

याचं स्पष्टीकरण म्हणून "कल्चर बदललं" एवढं सांगतात आणि पुढच्या स्लाईडवर जातात. मला हवंय ते असं: सोमवारी सकाळी लाईनवर नक्की काय वेगळं होतं? कोणाच्या हाताखाली किती माणसं, अधिकार कोणाला, काही अडलं तर धावत कोण येतं? आणि दुसरं, जीएमच्या स्वतःच्या घरात हे चालू असताना बाकीच्या जीएमला ते का जमलं नाही? जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'लीडरशिप व्हिजन' वगैरे नको, ते भरपूर वाचून झालंय.

टॅक्टटाईम

सगळे अँडनच्या दोरीपासून (काही अडलं की कामगाराने मदतीसाठी ओढायची दोरी) सुरुवात करतात. मी श्रेण्यांपासून करतो.

जुन्या फ्रीमाँटमध्ये कामगारांच्या, कोणी कोणतं काम करायचं ते ठरवणाऱ्या, ऐंशीहून जास्त श्रेण्या होत्या. एका श्रेणीच्या माणसाने दुसरीच्या कामाला हात लावला की तक्रार दाखल. नम्मीच्या करारात उत्पादनातल्या सगळ्यांची एकच श्रेणी झाली, आणि इलेक्ट्रिशियन, टूल-डायवाले अशा कुशल कारागिरांच्या मोजक्या दोन-तीन. दिसायला ही कारकुनी बाब आहे, पण तिच्याशिवाय पुढचं काहीच चाललं नसतं. टीममधला प्रत्येक जण टीमची सगळी कामं शिकतो, दिवसभरात जागा बदलतो, शेजारी अडला तर हात लावतो, हे सगळं श्रेण्या एक झाल्यामुळे शक्य झालं.

मग टीम. पाच-सात माणसं, त्यांच्यावर एक टीम लीडर. अशा तीन-चार टीमवर एक ग्रुप लीडर. टीम लीडर हा कामगारच, युनियनचा सभासद, ताशी थोडे जास्त पैसे मिळणारा. त्याला स्वतःचं ठरलेलं स्टेशन नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नक्कल करणारे बहुतेक जण इथेच घसरतात.

आता दोरी. बऱ्याच जणांना वाटतं, दोरी ओढली की लाईन जागीच थांबते. तसं नसतं. ओढली की बोर्डावर त्या स्टेशनचा दिवा पिवळा होतो, टीमची धून वाजते, आणि लाईन चालूच राहते. गाडी स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचली आणि तोवर कोणी दोरी पुन्हा ओढून दिवा घालवला नाही, तरच लाईन थांबते. तीही सगळी नाही, तेवढाच तुकडा, कारण तुकड्यांमध्ये चार-दोन गाड्यांचा बफर ठेवलेला असतो. खुणेवरच थांबवायचं कारण साधं आहे: पुढच्या-मागच्या स्टेशनवर कोणाचं काम अर्धवट तुटत नाही.

टीम पाच-सातचीच का, याचं उत्तर या सेकंदांत आहे. समजायला सोपे आकडे धरू. टॅक्ट (एका गाडीमागे प्रत्येक स्टेशनला मिळणारा वेळ) ६० सेकंद, स्टेशनची लांबी ५ मीटर. जमिनीवर ७० टक्क्यांवर एक पिवळी रेघ मारलेली आहे. गाडी रेघेवर आली तरी काम मागे आहे असं दिसलं की ऑपरेटरने दोरी ओढायची. म्हणजे लीडरकडे उरले १८ सेकंद. सहा स्टेशनं म्हणजे ३० मीटर, लीडर मध्यावर असेल तर जास्तीत जास्त १५ मीटर चालायचं. झपाझप चाललं तर १२ सेकंद. उरलेल्या सहा सेकंदांत बघायचं, हात लावायचा किंवा थांबू द्यायचं हे ठरवायचं. आता तीस माणसांवर एक सुपरवायझर घ्या. लाईन दीडशे मीटर, मध्यावरून टोकापर्यंत ७५ मीटर, म्हणजे मिनिटभर नुसतं चालण्यात. तो पोहोचेपर्यंत लाईन थांबलेली असणार, मॅनेजरचा फोन आलेला असणार, आणि उद्यापासून त्या ऑपरेटरचा हात दोरीकडे जाणार नाही. त्या ऑपरेटरची 'मानसिकता' बदलायला ट्रेनर बोलावणारे लोक पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

तिसरा भाग नोकरीच्या शाश्वतीचा. नम्मीच्या करारात असं लिहिलं होतं की कंपनीचं अस्तित्वच धोक्यात येईल अशी आर्थिक स्थिती नसेल तर कामगार कपात करणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी व्यवस्थापनाचे पगार कमी करू, बाहेर दिलेलं काम आत आणू, मग पुढचं बघू. १९८८ च्या सुमारास शेवरले नोव्हाचा खप पडला. कारखाना क्षमतेच्या बराच खाली चालला होता. कोणालाही काढलं नाही. जादा झालेल्या लोकांना ट्रेनिंगला आणि कायझेनच्या कामाला लावलं. कायझेन म्हणजे शेवटी सहा माणसांचं काम पाचांत बसवणं. सहावा घरी जाणार असेल तर कोणता शहाणा सुचवेल?

स्टँडर्ड वर्क (काम करायची ठरलेली पद्धत) कोण लिहितं हाही मोठा फरक. जुन्या कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन यायचे आणि कामगार मुद्दाम सावकाश काम करून दाखवायचे. नम्मीत स्टॉपवॉच टीमच्याच हातात. एकमेकांचा वेळ मोजायचा, सगळ्यात सोपी आणि सुरक्षित पद्धत ठरवायची, कागदावर उतरवायची, दुसऱ्या शिफ्टच्या टीमशी पडताळून घ्यायची.

साहेबांची वेगळी कँटीन बंद, राखीव पार्किंग बंद, हेही झालं. स्वस्तातलं असल्यामुळे नक्कल करणारे नेमकं तेवढंच उचलतात.

युनियनवाला

वरचा प्रतिसाद चोख आहे, पण एकच बाजू आली.

नम्मीत मिनिटातले पन्नासहून जास्त सेकंद हात चालू असायचे, जुन्या जीएमपेक्षा बरेच जास्त. टीममधला एक गैरहजर राहिला तर लीडर त्याच्या जागी उभा, म्हणजे दोरीला उत्तर द्यायला कोणी नाही आणि भार बाकीच्यांवर. गैरहजेरी कमी होण्यामागे सहकाऱ्यांचा हा दबावही होता. युनियनच्या आतच या पद्धतीवर कडाडून टीका करणारा गट होता आणि तो निवडणुकाही जिंकायचा. १९९३ च्या नव्या मॉडेलच्या वेळी कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्याने कंपनीला अर्गोनॉमिक्सवरून नोटिसा दिल्या. मॉडेल बदलताना जागा बदलण्याचं वेळापत्रक कोलमडलं होतं, आणि एकाच हालचालीचा भार त्याच मनगटांवर आणि खांद्यांवर पडत राहिला. पुढच्या मॉडेलला अर्गोनॉमिक्सची तपासणी आधीपासून केली, कारण बोट दाखवायला युनियन होती.

आणि 'टोयोटा आली की कल्चर येतं' हे म्हणणाऱ्यांनी बंगळुरूजवळच्या बिडदीकडे बघावं. तिथे २००६, २०१४ आणि २०२० मध्ये संप-टाळेबंदीची वेळ आली. पुस्तक तेच, जपानहून आलेले समन्वयकही तेच, तरीही. फ्रीमाँटला टोयोटाने जुन्या युनियनला दारातच मान्यता दिली आणि तिच्याशी प्राथमिक समझोता आधी केला, उत्पादन नंतर. हा क्रम फार कोणी सांगत नाही.

जुना_पुराणिक

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे जीएमला का जमलं नाही याचं, बघतो.

जीएमने आपले काही होतकरू मॅनेजर नम्मीत पाठवले होते, शिकून या म्हणून. शिकले. परत आल्यावर त्यांना एकत्र ठेवलंच नाही, एकेक जण वेगवेगळ्या कारखान्यांत पेरला. तिथे एकटा माणूस आणि समोर जुनी मोजपट्टी: आज किती गाड्या निघाल्या. प्लँट मॅनेजरचा बोनस त्यावर. लाईन थांबवणं म्हणजे स्वतःच्या खिशात हात घालणं. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नायस कारखान्यात 'टीम कन्सेप्ट' आणला तो 'नाही स्वीकारलात तर कारखाना बंद' या धाकावर. कामगार उभे दुभंगले, दोऱ्या बसल्या, टीमही झाल्या, आणि १९९२ मध्ये कारखाना बंद झाला तो झालाच.

पण खरी अडचण कारखान्याच्या वर होती. दोरी ओढल्यावर सापडलेल्या दोषांपैकी बरेच लाईनवर सुटत नाहीत. दार बसत नाही कारण बिजागरीचं डिझाईन चुकलंय किंवा पुरवठादाराचा भाग मापात नाही. नम्मीत तो निरोप त्याच दिवशी डिझाईन किंवा पुरवठादाराकडे जायचा आणि उत्तर यायचं. जीएमची घडण १९२० च्या दशकात कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी घालून दिली: शेवरले, पाँटिअ‍ॅक, ब्युइक, ओल्डस्मोबिल, कॅडिलॅक असे जवळजवळ स्वतंत्र विभाग, बॉडीचं काम फिशर बॉडीकडे, वर पैशांचा हिशोब ठेवणारं मुख्यालय. त्या काळात ती कल्पना अफाट चालली, फोर्डला मागे टाकलं. पुढे जोडणीसाठी आणखी वेगळा विभाग झाला. आता जोडणीवाल्याने तक्रार केली तर बॉडीवाला म्हणणार, आमचं ड्रॉइंग बरोबर आहे, तुमची माणसं नीट बसवत नाहीत. १९८४ मध्ये तेव्हाचे प्रमुख रॉजर स्मिथ यांनी सगळं उलथून दोन मोठे गट केले. जुने विभाग मोडले, पण जुन्या ओळखी आणि अनौपचारिक वाटाही मोडल्या. कोणाकडे जाऊन काम होतं हेच बराच काळ कळेना.

ही सवय किती खोल गेली होती ते इग्निशन स्विचच्या प्रकरणात दिसतं. थोडं सविस्तर लिहितो, कारण कंपनीनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल जून २०१४ मध्ये जाहीर झाला आणि एवढ्या मोठ्या कंपनीचं अंतरंग इतकं उघडं क्वचित वाचायला मिळतं.

शेवरले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांच्या चावीच्या स्विचला फिरवायला लागणारं बळ ड्रॉइंगवर किमान १५ न्यूटन-सेंटीमीटर हवं होतं. प्रत्यक्षात ते बरंच कमी भरत होतं, आणि तरीही भाग मंजूर झाला. परिणाम: जड किचेन असेल किंवा गुडघा लागला तर चालत्या गाडीत चावी 'रन'वरून 'अ‍ॅक्सेसरी'वर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद. तक्रारी गाडी बाजारात यायच्या सुमारासच आल्या. कंपनीच्या समितीने त्यांना 'ग्राहकाची गैरसोय' या खान्यात टाकलं, कारण बंद पडलेली गाडी बाजूला घेता येते असं त्यांचं म्हणणं. गैरसोय म्हटलं की दुरुस्तीला खर्च-फायद्याचं गणित लागू होतं. सुरक्षेचा दोष म्हटलं असतं तर ते गणित लागूच झालं नसतं. २००५ च्या शेवटी डीलरांना सूचना गेली: ग्राहकाला किचेनवरच्या जड वस्तू काढायला सांगा.

आता बघा, चावी 'अ‍ॅक्सेसरी'वर गेली की एअरबॅगही उघडत नाहीत. हे गाडीच्या रचनेतच लिहिलेलं होतं. पण गाडी बंद पडण्याच्या तक्रारी बघणारे एका खोलीत, एअरबॅग न उघडल्याचे अपघात बघणारे दुसऱ्या खोलीत, वकील तिसऱ्या. तिन्ही कागद एका टेबलावर यायला वर्षं गेली.

२००६ मध्ये स्विचच्या आतला दट्ट्या लांब केला, बळ वाढलं, दोष गेला. पण पार्ट नंबर बदलला नाही. चाकणमधला नवशिका क्वालिटी इंजिनिअरही सांगेल की आकार, बसणी किंवा काम बदललं तर ईसीएन (डिझाईन बदलाची नोटीस) काढायची आणि नंबर बदलायचा. त्यामुळे पुढे तपास करणाऱ्यांना दिसायचं ते असं: ठराविक वर्षापर्यंतच्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाहीत, त्यानंतरच्यांत उघडतात, आणि कागदोपत्री भाग तर एकच. २०१३ मध्ये जॉर्जियातल्या एका खटल्याच्या निमित्ताने फिर्यादीकडच्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा कोडं सुटलं. फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मानले.

अहवालात दोन हावभावांची नोंद आहे. 'जीएम नॉड': बैठकीत सगळे मान डोलावतात आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीच काही करत नाही. 'जीएम सॅल्यूट': हात छातीवर आडवे बांधून दोन्ही बोटं बाहेरच्या दिशेला, म्हणजे जबाबदारी त्याची नाहीतर याची. शिवाय बैठकीत टिपणं घ्यायची नाहीत असा समज होता. २००८ च्या एका ट्रेनिंगमध्ये 'डिफेक्ट' लिहू नका, 'डिझाईनप्रमाणे काम करत नाही' असं लिहा अशी शब्दांची यादीच दिलेली होती. वकिलांच्या दृष्टीने शहाणपणाचं असेल. पण दोष हा शब्दच लिहायचा नाही म्हटल्यावर दोष शोधायचे कुठे?

जीएमच्या प्रमुख मेरी बारा यांनी पंधरा जणांना काढलं, सुरक्षेच्या तक्रारीसाठी वेगळी वाट काढली, आणि वाहन सुरक्षेसाठी थेट वरपर्यंत पोहोचणारा एक प्रमुख नेमला. यातलं शेवटचं सगळ्यात कामाचं.

टॅक्टटाईम

@जुना_पुराणिक, उत्तम. पण न्याय म्हणून टोयोटाचंही लिहायला हवं. २००९-१० मध्ये गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींवरून त्यांनाही लाखो गाड्या बोलवाव्या लागल्या, आणि माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरावे लागले. तिथे लाईनवरचा कामगार गाडी थांबवू शकत होता, पण अमेरिकेतल्या कंपनीला गाड्या परत बोलवायचा निर्णय घ्यायचा अधिकार नव्हता. तो जपानच्या मुख्यालयात. खाली अधिकार, वर बाटलीचं बूच. नंतर त्यांनी प्रदेशवार क्वालिटी प्रमुख नेमले.

पिंपळे_निळख

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. दोन छोटे प्रश्न. तळेगावचा जीएमचा कारखाना बंद झाला तोही याच रोगाने का? आणि ३०० माणसांच्या एखाद्या ऑटो पार्ट्सवाल्या कंपनीला, जिथे निम्मे लोक टेम्पररी आहेत, यातलं काय करता येईल? पाच माणसांवर एक लीडर हे ऐकून कोणताही मालक उठून जाईल.

जुना_पुराणिक

तळेगाव इथे चिकटवू नका. २००८ ला सुरू झाला, २०१७ अखेर भारतातली विक्री थांबली, मग २०२० पर्यंत निर्यातीपुरता चालला, आता ह्युंदाईकडे. देशातला बाजारहिस्सा एक टक्क्याच्या आसपास उरला होता, आणि त्याच काळात जीएम युरोपातून आणि आणखी काही देशांतून बाहेर पडत होती. तो भांडवल कुठे लावायचं याचा डेट्रॉईटमधला निर्णय. शॉपफ्लोअरवर काही चुकत होतं म्हणून नव्हे.

टॅक्टटाईम

दुसऱ्याचं मी सांगतो. सगळ्या ३०० जणांवर एकदम करायला जाऊ नका. एकच लाईन घ्या, २४ माणसांची. सहाच्या चार टीम, चार लीडर. चार जादा पगार, प्रत्येकी २५-२८ हजार धरले तर महिन्याला लाखभर. मालक इथे उठणार, म्हणून आधी दुसरा आकडा काढून ठेवा: त्याच लाईनच्या शेवटी रिवर्क (सदोष माल दुरुस्त करायच्या) टेबलावर किती जण बसतात, ग्राहकाच्या गेटवर तुमच्या पैशाने सॉर्टिंग करणारी किती माणसं उभी आहेत, आणि तातडीच्या डिलिव्हरीसाठी महिन्यात किती टेम्पो गेले. तीन महिन्यांचं काढून महिन्याची सरासरी घ्या. बहुतेक ठिकाणी हा आकडा लाखाच्या वर असतो, फक्त तो वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असल्यामुळे कोणाला दिसत नाही.

लीडर रिवर्कवरूनच घ्या. दोष कुठून येतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. पण चौघांना एकाच दिवशी उचलू नका, रिवर्कचा ढीग लागेल आणि आठवड्यात सगळं गुंडाळलं जाईल. दर पंधरा दिवसांनी एक.

मग नियम दोनच. लीडरला स्टेशनवर उभं करायचं नाही, गैरहजेरी कितीही असली तरी. त्यासाठी लाईनवर एक-दोन बदली माणसं आधीच धरा. २४ च्या लाईनला ८ टक्के गैरहजेरी म्हणजे रोज दोन जण. हा हिशोब न केल्यामुळेच महिन्याभरात लीडर ऑपरेटर होतात आणि दिवे नुसते लागतात. दुसरा नियम, पहिले दोन महिने हाका (दोरी ओढून मागितलेली मदत) किती आल्या हे मोजायचं नाही, उत्तर किती सेकंदांत मिळालं ते मोजायचं. हाका मोजायला लागलात की कोणीतरी त्या कमी करायचं टार्गेट देतो, आणि हाका कमी होतात. दोष कमी होत नाहीत.

संध्याकाळी दहा मिनिटं, दिवसातल्या हाकांपैकी लाईनवर न सुटलेल्या तीन घ्या. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव (खात्याचं नको) आणि तारीख. बोर्डवर, सगळ्यांना दिसेल असं. डिझाईन किंवा परचेसकडून सात दिवसांत उत्तर आलं नाही तर ती ओळ थेट प्लँट हेडकडे जाते, हे त्यांच्याकडून आधी लिहून घ्या.

टेम्पररीचा प्रश्न खरा अवघड आहे. सात महिन्यांनी ब्रेक मिळणार हे माहीत असलेला मुलगा दोरी ओढणार नाही, कारण नाव लक्षात राहिलं तर पुन्हा बोलावणार नाहीत ही त्याची भीती रास्त आहे. सगळ्यांना कायम करा म्हणून उपयोग नाही, ते होणार नाही. पण पुन्हा घेण्याची यादी सुपरवायझरच्या मर्जीतून काढता येते. हजेरी आणि किती स्टेशनं शिकला, या दोनच गोष्टींवर यादी लावा, भिंतीवर लावा.

युनियनवाला

यादीत एक भर: त्याने ओढलेल्या दोऱ्या यादीसाठी कुठल्याच बाजूने धरायच्या नाहीत. जास्त ओढणाऱ्याला बक्षीस दिलंत तर पुढच्या आठवड्यात विनाकारण दिवे लागतील. आणि लीडर निवडताना त्या टीमलाही विचारा. रिवर्कवरचा सगळ्यात हुशार माणूस लोकांवर खेकसणारा असेल तर १२ सेकंदांत पोहोचूनही काही उपयोग नाही, त्याला हाक मारायला कोणी धजणार नाही.